भंगारातल्या सीनऱ्या: लाल डोक्याचे हंस आणि पाठीच्या मधोमध वशिंड

धानलोंबी

आठवडी बाजारात लोखंड-पत्रा-बाटल्या घेणारा बसतो, त्याच्या मागच्या भिंतीला हाताने रंगवलेली दोन-चार चित्रं टेकवलेली असतात. हार्डबोर्डला भंगारात किंमत नाही, म्हणून ती फ्रेमच्या भावात सुटतात. हा धागा त्या चित्रांसाठी. मनसोक्त हसा, पण कुठे चुकलं आणि का चुकलं ते नेमकं सांगून हसा. नुसतं "बेकार आहे" लिहायचं असेल तर राहू द्या.

सुरुवात गोंदिया जिल्ह्यातल्या एका बाजारातून आणलेल्या चित्रापासून. दोन फूट बाय दीड फूट, हार्डबोर्ड, काच नाही. मागे दोन बर्फाचे डोंगर, मध्ये पुरीएवढा अर्धा सूर्य, त्याच आभाळात इंद्रधनुष्य. खाली तळं. तळ्यात दोन हंस, मान काठीसारखी ताठ, दोघांचीही डोकी लाल. काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. समोर बैलबंडी, एकाच बैलाची. बैलाचं वशिंड पाठीच्या बरोबर मधोमध.

आभाळाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा, सगळ्या चित्रावर तपकिरी थर, खालचा उजवा कोपरा फुगलेला. मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी आहे. दुकानाचं नाव फाटलंय, "ता. तिरोडा, जि. भंडारा" आणि सहा आकडी पिन तेवढा वाचता येतो.

प्रश्न: रंग कोणता? साधारण कधीचं असेल? साफ कसं करायचं? आणि हंसांची डोकी लाल काहून?

वऱ्हाडी_ठेचा

हंसाइले ऊन लागलं असन ना ताई! मे महिन्यात आपल्याकडं बर्फाचा डोंगर उभा केला, मंग कोणाचं तरी डोकं तापनच. अन् तो बैल उंटाच्या सोयरिकीतला दिसते.

जुनी_चौकट

कधीचं ते चिठ्ठीच सांगते आहे. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, म्हणजे चिठ्ठी त्यानंतरची. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला, आणि तिरोडा तेव्हापासून गोंदियात. "जि. भंडारा" छापलंय म्हणजे बहुधा त्याआधीची. दुकानदार जुन्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरतात, म्हणून पुढे दोन-तीन वर्षं धरून चाला.

विदर्भातल्या चिठ्ठ्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते. वाशीम, रिसोड, कारंजा यांच्यापुढे "जि. अकोला" असेल तर बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीचं. गडचिरोली, आरमोरी यांच्यापुढे "जि. चंद्रपूर" असेल तर २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचं. नुसतं "जि. चांदा" (चंद्रपूरचं जुनं नाव) दिसलं तर आणखी जुनं.

मागे वर्तमानपत्र चिकटवलं असेल तर त्याची तारीखही बघा, पण ती फ्रेमची तारीख. चित्र फ्रेमच्या आधी दहा वर्षं नुसतंच भिंतीवर असू शकतं, आणि फ्रेम दुसऱ्यांदा बदललेलीही असू शकते. खिळ्यांची भोकं दोन संचांत असतील तर फ्रेम नक्की बदलली आहे.

एटीडी_गुरुजी

आता आभाळ घेऊ. या सीनरीत सूर्य आणि इंद्रधनुष्य शेजारी आहेत. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडतं. त्याचा मध्य सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि कमान त्या मध्यापासून सुमारे ४२ अंशांवर. सूर्य समोरच्या डोंगरात अर्धा बुडालाय म्हणजे धनुष्य चित्रकाराच्या पाठीमागे, जवळजवळ पूर्ण अर्धवर्तुळ. तांबडा रंग कमानीच्या बाहेरच्या कडेला हवा. धानलोंबी ताई, तुमच्यात तो कुठे आहे?

सूर्याचं मापही बघा. आभाळात सूर्य फक्त अर्धा अंश जागा घेतो. हात लांब करून करंगळी धरली की ती साधारण एक अंश झाकते, म्हणजे करंगळीमागे दोन सूर्य शेजारी शेजारी बसतील. दोन फुटांच्या चित्रात समोरचा पंचेचाळीस अंशांचा देखावा धरला, तर सूर्य जेमतेम सात मिलिमीटरचा, वाटाण्याएवढा. मावळताना तो मोठा भासतो, म्हणून आवळ्याएवढा केला तरी मी गुण कापणार नाही. पुरीएवढा सूर्य जवळ आला असता तर बर्फ, तळं आणि बैल तिन्ही शिल्लक राहिले नसते.

शिवाय सूर्य समोर असेल तर झोपडीची आपल्याकडची भिंत सावलीत जाते आणि सावल्या आपल्या अंगावर येतात. बहुतेक सीनऱ्यांत झोपडीचा दर्शनी भाग लख्ख पिवळा आणि सावली उजवीकडे. याचं कारण साधं आहे. झोपडी एका कॅलेंडरातून येते आणि सूर्य दुसऱ्या.

धानलोंबी

गुरुजी, तांबडा आतल्या बाजूला आहे. झोपडी लख्ख पिवळी. सावली उजवीकडे.

एटीडी_गुरुजी

चारही चुका पूर्ण. आता वशिंडाचं. ते खांद्यावर असतं. वशिंडापासून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो पुढच्या पायांवर यायला हवा. जू मानेवर, वशिंडाच्या पुढे टेकतं आणि बैल ओढतो तेव्हा वशिंडाला अडतं. म्हणून वशिंड मागे नेलं की जू घसरून पाठीवर जाईल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला लोणी-हळद कुठे चोळतात ते आठवा, तीच जागा.

संत्रावाला

गुरुजी, बैलांच्या मागच्या पायाचं पण सांगा. निम्म्या चित्रांत तो माणसासारखा पुढे वाकतो.

एटीडी_गुरुजी

पुढच्या पायाचा मधला सांधा पुढे वाकतो, मागच्या पायाचा मधला सांधा टोक मागे करून असतो. आपण ज्याला मागचा गुडघा समजतो ती खरं तर घोट्याची जागा. खरा गुडघा वर, पोटाजवळ कातडीत दडलेला. हे समजलं की बैल, घोडा, वाघ सगळे एकदम उभे राहतात.

घोड्यांच्या चित्रात आणखी एक चूक हमखास. चौखूर धावणारा घोडा म्हणून पुढचे दोन पाय पुढे ताणलेले आणि मागचे दोन मागे ताणलेले, झोपाळ्यासारखा. १८७८ मध्ये मायब्रिजने अमेरिकेत पळत्या घोड्याचे लागोपाठ फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी युरोपातले नामवंतही झोपाळाच रंगवत होते. तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या घोड्याला या एका चुकीसाठी नावं ठेवायची नाहीत.

साइनबोर्ड

रंगाचं मी सांगतो. हा डब्यातला सिंथेटिक इनॅमल असावा, आणि रंगवणारा दुकानांच्या पाट्या करणारा पेंटर. तीन गोष्टी तपासा. झाडाचं पान एकाच फटकाऱ्यात, सपाट ब्रश टेकवून वळवून उचललेलं आहे का? झोपडीची खालची रेघ अगदी सरळ, म्हणजे दोरीला खडू लावून झटकलेली आहे का? आणि कडेला जाड-बारीक रंगाचे ओघळ आहेत का? इनॅमल स्वतः सपाट होतो आणि ब्रशच्या खुणा पुसून टाकतो. ट्यूबमधला ऑइल कलर खुणा तशाच धरून ठेवतो.

मृगनक्षत्र

साइनबोर्ड भाऊ, पाट्या करणाऱ्याच्या हातून आभाळाला अशा भेगा जाणार नाहीत. सबंध इनॅमल असता तर टवके उडाले असते, मगरीची पाठ झाली नसती. हे जाळं तेव्हा पडतं जेव्हा खालचा थर हळू सुकणारा आणि वरचा पटकन सुकणारा असतो. वरचा कडक होतो, खालचा नंतर आवळत-सरकत राहतो आणि वरच्याला फाडतो.

धानलोंबी, दोन गोष्टी बघून सांगा. भेगा निळ्या आभाळावर आहेत की पांढऱ्या ढगांवर? आणि फ्रेमच्या ओठाखाली झाकलेली पट्टी बाकीपेक्षा पिवळी आहे का? तेलाचे रंग अंधारात जास्त पिवळे पडतात, उजेडात परत थोडे उजळतात. पोस्टर कलर असं करत नाही.

धानलोंबी

फ्रेम काढून पाहिली. झाकलेली पट्टी चांगलीच पिवळी. भेगा फक्त ढगांवर! मधल्या निळ्यावर ब्रशच्या रेषा दिसतात, भेगा नाहीत. झोपडी, बैल, झाड सगळं गुळगुळीत चकचकीत. पानं एका फटकाऱ्याची आहेत.

मृगनक्षत्र

मग दोघंही बरोबर. आभाळ ट्यूबच्या रंगात, भरपूर तेल घालून. त्यावर दोन-तीन दिवसांत इनॅमलचे ढग. आपल्याकडे जवसाचं तेल सहज मिळतं, ते ट्यूबच्या रंगात सढळ हाताने घालतात. कच्च्या जवसाचा पातळ थरसुद्धा हाताला न लागण्याइतका सुकायला चार-पाच दिवस घेतो, आतून सुकायला महिने. म्हणून नियम असा की खाली कमी तेलाचा थर, वर जास्त तेलाचा. इथे उलटं झालं.

जवसाऐवजी शेंगदाण्याचं तेल घातलेलीही चित्रं सापडतात. ती कधीच सुकत नाहीत. वीस वर्षांनी बोट लावलं तरी चिकट, आणि सगळी धूळ त्यात रुतलेली. करडईचं तेल सुकतं, हळू सुकतं, पण जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. पांढऱ्यासाठी ते खरंच चांगलं.

साइनबोर्ड

मान्य. रॉकेलचंही लिहा. टर्पेंटाइन महाग म्हणून रॉकेलने पातळ करतात. ते सावकाश उडतं, मागे तेलकटपणा ठेवतं आणि थर कमजोर होतो. बोट फिरवलं की खडूसारखा रंग बोटाला येतो, तो बरेचदा या कारणाने.

वऱ्हाडी_ठेचा

शेंगदाण्याच्या तेलाची सीनरी म्हंजे तळायचीच बाकी राह्यली.

ताडोबाकर

वाघांची चित्रं आमच्याकडे ढिगाने मिळतात, त्यामुळे तपासणीची यादी तोंडपाठ आहे. पहिली गोष्ट, डोळा. वाघाची बाहुली गोल असते. मांजरासारखी उभी चीर काढली की तो वाघ दुधाच्या भांड्याकडे बघतोय असं दिसतं. दुसरी, कानाची मागची बाजू काळी आणि तिच्यात ठळक पांढरा ठिपका. हा ठिपका दाखवणाऱ्याने वाघ पाठमोरा पाहिलेला असतो, त्याला सलाम. तिसरी, पट्टे. ते अंगाच्या गोलाईबरोबर वळतात. पट्टीने आखल्यासारखे समांतर काढले की वाघाने पट्ट्यांचा पायजमा घातलेला दिसतो.

आणि जीभ. लालभडक, बाहेर, टोकाला वळलेली. ही जीभ कॅलेंडरातून येते, जंगलातून येत नाही.

मृगनक्षत्र

नकलांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी म्हणजे दिवा घेतलेली बाई. मूळ चित्र सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं "ग्लो ऑफ होप", म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. मुळात सगळी किमया दिव्याआड धरलेल्या हातात आहे. उजेड बोटांच्या आरपार येतो, म्हणून बोटांच्या कडा तांबूस पेटल्यासारख्या दिसतात. नकलेत हा हात बाहेरून पिवळा रंगवतात आणि बाई हळदीत हात बुडवून आलेली दिसते. चेहऱ्यावरचा उजेडही खालून यायला हवा, हनुवटी आणि नाकपुड्यांखाली. नक्कल करणारा सवयीने कपाळ उजळवतो.

अशी नक्कल सुधारायची असेल तर बोटांच्या कडेला पातळ तांबडा आणि नारिंगी, तळव्याच्या मध्यात गडद. पाच मिनिटांचं काम, पण जुन्या चित्रावर कुणी करू नये. आपल्या नकलेवर करा.

संत्रावाला

देवाच्या चित्रांचं काय? पिंपळाखाली, नदीकाठी ठेवलेली चित्रंही कधी कधी भंगारात येतात. त्यावर हसणं बरं वाटत नाही.

एटीडी_गुरुजी

देव, संत आणि दिवंगत माणसांची चित्रं या धाग्यात नकोत, असं माझं मत. कुणीतरी भक्तीने केलेलं, कुणीतरी भक्तीने ठेवलेलं. गाडगेबाबांचा खराटा किंवा तुकडोजी महाराजांची खंजिरी नीट जमली नसेल तर ते चित्र ज्याने काढलं त्याला वर्गात समजावून सांगता येतं, इथे टांगायची गरज नाही.

जुनी_चौकट

पूर्ण सहमत. अमेरिकेत बोस्टनला अशा फसलेल्या चित्रांचं एक संग्रहालयच आहे, १९९० च्या दशकात सुरू झालेलं. पहिलं चित्र कचऱ्यात सापडलं होतं. त्यांचा नियम इथे घेण्यासारखा आहे: लहान मुलांची चित्रं नाहीत, आकडे बघून रंग भरायची संचातली चित्रं नाहीत, मुद्दाम वाईट काढलेली तर नाहीतच. चित्र मनापासून काढलेलं हवं. मनापासून काढताना काहीतरी जोरदार फसलं, तरच ते बघत बसावंसं वाटतं.

मृगनक्षत्र

साफ करण्याचं राहिलंच.

आधी चित्र आडव्या उजेडात धरा, बॅटरी बाजूने मारा. कुठे रंग उचललेला, पापुद्रा सुटलेला दिसला तर त्या जागेला हात लावू नका. ढगांच्या भेगा तर सोडूनच द्या. बाकी भागावरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने, वरून खाली. मग काडीला कापूस गुंडाळा, स्वतःची थुंकी लावा आणि कोपऱ्यात एक इंच जागेवर फिरवा. कापूस गोल गोल लाटत न्यायचा, घासायचा नाही. थुंकी ऐकायला विचित्र वाटते, पण चित्रं जपणारे तज्ज्ञही वापरतात, तिच्यातल्या पाचक रसांनी काजळी आणि हाताचा तेलकटपणा सुटतो. कापूस तपकिरी झाला की बदला. कापसावर चित्राचा रंग आला की तिथेच थांबा. तांबडे आणि काळे आधी सुटतात. साफ झालेली जागा ऊर्ध्वपातित पाण्याच्या जेमतेम ओल्या कापसाने पुसून लगेच कोरडी करा. एका बसणीत वीतभर जागा पुरे.

बटाटा, कांदा, लिंबू, राख, टूथपेस्ट, काच पुसायचं पाणी यातलं काहीही नको. बटाट्याचा स्टार्च भेगांत बसतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. आणि हे सगळं तेलरंग-इनॅमलसाठी. पोस्टर कलर असेल तर ओला कापूस लावताच चित्रच निघून येईल, तिथे फक्त कोरडा ब्रश.

फुगलेला कोपरा परत सपाट होत नाही. हार्डबोर्डची कड पाणी पिते, लाकडाचे तंतू सुटतात. पूर्ण वाळल्यावर फेविकॉल पाण्यात निम्मं पातळ करून कडेच्या फटीत उतरवा, दोन्ही बाजूंना मेणकागद, वर दोन सपाट फळ्या, शिकंजा लावून चोवीस तास. पुढे तुटणं थांबेल, एवढंच.

साइनबोर्ड

आणि कूलरच्या भिंतीवर लावू नका! आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि कोरडं, आत कूलरने दमट. रोज ओलं-कोरडं होऊन हार्डबोर्ड वाकतो, मागून बुरशी चढते. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना पाच मिलिमीटरचे रबराचे तुकडे चिकटवा, भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळली पाहिजे.

संत्रावाला

काच चिकटलेली असेल तर? पोस्टर कलरचं चित्र आहे, काचेला जागोजागी डाग धरलेत.

जुनी_चौकट

ओढू नका. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, न ठेवता काच थेट चित्रावर दाबली की दमट हवेत डिंक मऊ होतो आणि काचेला धरतो. चित्र दोन-तीन आठवडे कोरड्या जागी राहू द्या. मग काच खाली करून टेबलावर ठेवा आणि जुन्या एक्स-रे फिल्मची अरुंद पट्टी कडेने, काचेला चिकटून, हळू सरकवा. अडलं की थांबा. सुटत नसेल तर काचेसकट ठेवा, तीच त्याची पाठ समजा. नवीन फ्रेम करताना काच आणि चित्रात तीन मिलिमीटर अंतर ठेवायला सांगा.

वैनगंगा

सगळं वाचून काढलं जी. झाडीपट्टी नाटकाचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे, जुने पडदेही भंगारात निघतात, त्यांची माहिती आधी देतो. जंगल, महाल, रस्ता असे ठरलेले देखावे. जुने पडदे मांजरपाटावर, सरसात कालवलेल्या भुकटीच्या रंगांचे. पाणी लागलं की गेले. घडी घातली की घडीवर रंग तडकतो, म्हणून रंगीत बाजू बाहेर ठेवून बांबूवर गुंडाळायचे. रंग आत ठेवून गुंडाळला तर तो दाबला जाऊन चुरगळतो. वडशाकडच्या जुन्या पडद्यांवरचं जंगल पाहा, साग आणि मोह ओळखू येतात. महाल मात्र कुठला ते सांगता येत नाही.

आता ताईंचा चौथा प्रश्न, ज्याचं उत्तर कुणी दिलं नाही. तिरोड्याची चिठ्ठी, तळं, जोडी, ताठ मान, लाल डोकं. हे हंस कशाला असतील? हे सारस आहेत! डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल, अंग राखाडी, पाय फिकट लाल, उंची पाच-सहा फूट. जोडीनेच फिरतात. महाराष्ट्रात सारस पाहायचे तर गोंदिया-भंडाऱ्याकडेच, धानाच्या बांध्यांत आणि मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांच्या काठाला. कॅलेंडरातले हंस पोहतात, म्हणून पेंटरने यांनाही पाण्यात बसवले असतील. पण डोक्याचा रंग त्याने कॅलेंडरातून घेतलेला नाही.

ताई, अंग पांढरं आहे की तपकिरी थराखाली राखाडी? आणि पोटाखाली काही दिसते का?

एटीडी_गुरुजी

वैनगंगा भाऊ, शाबास. मग नारळही पुन्हा बघावा लागेल. ती सिंदी असेल का? सिंदीच्या खोडावर पानांच्या देठांची खुंटं राहून खोड खरबरीत होतं, नारळाच्या खोडाला गुळगुळीत गोल वळ्या असतात.

ताडोबाकर

गुरुजी, फळं हिरवी आणि मोठी असतील तर नारळच. सिंदीला नारिंगी घोस येतात, बोटाच्या पेराएवढी फळं. सगळंच आपल्याकडचं ठरवायची घाई नको.

धानलोंबी

डाव्या पक्ष्यापाशी एक इंच जागा थुंकीच्या कापसाने साफ केली. चार कापूस तपकिरी झाले. अंग पांढरं नाही, निळसर राखाडी आहे. आणि पोटाखाली पाण्याच्या निळ्यात दोन फिकट लाल उभ्या रेघा आहेत, अगदी तळापर्यंत. पाय! ते पोहत नाहीत, उथळ पाण्यात उभे आहेत. काजळीने पाय झाकले होते म्हणून ते हंस दिसत होते.

झाडाची फळं हिरवी आणि गोल आहेत, म्हणजे ताडोबाकर बरोबर. खोडावर मात्र खुंटं आहेत.

वैनगंगा

खोड पाहून काढलं, फळं कॅलेंडरातून लावली जी. दुसऱ्या सारसाचे पाय पण काढा, पण घाई करू नका. पाय लाल आहेत आणि लाल रंग आधी सुटतो.

मृगनक्षत्र

बरोबर. पायांवर कापूस फिरवूच नका. दोन्ही बाजूंचं पाणी साफ करा, पाय आपोआप दिसतील.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, बैलाच्या पाठीवरचंही साफ करून पाहा ना. काजळी निघाली का वशिंड जागेवर येते का ते सांगजा.